माशांवर पांढरे ठिपके दिसले तर

घाबरू नका, तुमचं वेळेत लक्ष गेलंय. अंगावर आणि परांवर रव्यासारखे कण, मासा दगडाला अंग घासतोय, पर मिटून बसतोय, म्हणजे बहुतेक 'इक' हा परजीवी. पण आधी टॉर्च लावून नीट बघा. गोल्डफिशच्या नराला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर असेच ठिपके येतात. तो आजार नाही, औषध नको.

इक असेल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या. ठिपक्यातला परजीवी त्वचेच्या आत असतो, तिथे औषध पोचत नाही. तो वाढून तळाशी पडतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात. औषध मारतं ते त्यांना. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की लगेच औषध थांबवणं ही नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक. पुढे आठवडाभर तरी उपचार चालू ठेवाच.

सध्या एवढं करा:
- औषध पूर्ण टाकीत द्या, फक्त आजारी मासा वेगळा काढून भागत नाही.
- फिल्टरमधला कार्बन काढा, तो औषध शोषतो.
- एअर पंप चालूच ठेवा.
- तळ सायफन करून (नळीने तळातली घाण पाण्यासकट ओढून) पाव पाणी बदला, नवीन पाणी क्लोरीन काढलेलंच हवं.

दोन औषधं एकत्र करू नका. मीठ आणि तापमानाचं नंतर बघू. टाकी किती लिटरची आहे आणि मासे कोणते, ते कळवा.