पहिली प्लेट तांब्याची घे

जस्त स्वस्त पडतं, तरी एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर द्रावणाने रेषा कोरून छापायच्या चित्राची, पहिली प्लेट तांब्याची घे. रेषा स्वच्छ येते. आपल्या नाशकात भांडीबाजारात चौकशी केलीस तर पत्र्याचा तुकडा मिळून जाईल. कडा कानशीने तिरप्या घास, नाहीतर प्रेसखाली कागद फाटतो.

तांब्यात रेषा कोरायला फेरिक क्लोराईडचं द्रावण वापर. नायट्रिक आम्लासारखा त्याचा धूर होत नाही, पण हातमोजे आणि चष्मा हवेतच. प्लेट पालथी ठेव, म्हणजे रेषांत गाळ साचत नाही. चित्राआधी तांब्याच्या एका पट्टीवर ग्राउंड, म्हणजे द्रावण रोखणारा थर, लावून सारख्या रेषा ओढ, ती द्रावणात ठेव आणि ५, १०, २०, ४० मिनिटांनी एकेक भाग वॉर्निशने झाकत जा. ती छापून समोर लाव. माझी पट्टी अजून टेबलासमोर आहे, रोज बघतो.

सुईने फक्त ग्राउंड खरवडायचा, तांबं कोरायचं नाही. खोली द्रावण देतं. रामकुंड काढणार असशील तर छाप उलटा येईल, रेखाटन आरशात बघूनच उतरव. शाई पुसताना आधी जाळीचं कापड, मग तळहात, अगदी हलका. कागद ओलसर हवा; पाण्याची चमक दिसली तर टीपकागदात दाबून मगच प्लेटवर ठेव.