‘होतंय की’ म्हणजे नक्की कधी?

परदेशी माणसांबरोबर काम करताना टीम कशी सांभाळायची, यावर या खेपेला बरेच प्रश्न आले. बेळगावच्या उद्यमबागेतून, निपाणीहून, एक तर खानापुरातल्या घराच्या माडीवरून. त्यातले पाच घेतले आहेत. इंग्रजीबद्दल विचारणाऱ्यांना शेवटी थोडक्यात उत्तर आहे. त्या प्रश्नाला त्याहून जास्त लागत नाही.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. हायड्रॉलिकचे पार्ट जर्मनीला जातात. तिकडचा क्वालिटीवाला मेलमध्ये विचारपूस वगैरे काही न करता थेट ‘हे चूक, हे अपुरं’ असं लिहितो, तेही चारजणांना सीसी लावून. माझी पोरं दुखावतात. त्याला समज कशी द्यावी?

समज त्याला नको, पोरांना द्या. थोडी स्वतःलाही.

त्याचा एक मेल प्रिंट काढून पोरांसमोर ठेवा आणि लाल पेनानं खुणा करायला लावा. किती वाक्यं पार्टबद्दल आहेत, किती माणसाबद्दल? माझा अनुभव असा की माणसाबद्दलचं वाक्य क्वचित सापडतं. जर्मन कारखान्यात कामातली चूक स्पष्ट बोलून दाखवणं हा अपमान धरत नाहीत. उलट चूक दिसूनही गप्प बसलेला माणूस त्यांना बेफिकीर वाटतो. सीसी ही त्यांच्या लेखी नोंद असते. आपल्याकडे मात्र सीसी म्हणजे चारचौघांत कान धरणं. त्यानं कधी खरोखर माणसावर घसरून लिहिलं, तर फोन करून तितक्याच सरळपणे सांगा. त्याला राग येणार नाही, सवय आहे.

आता तुमच्या बाजूचं. फार वर्षांपूर्वी मी एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, डिस्पॅच बघत होतो. बेळगावचा पाऊस, आठवडाभर सूर्य नाही. वाळूत ओल, कोअर, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे, नीट वाळत नव्हते, कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, येत होत्या. जर्मन ग्राहकाचा फोन आला, लॉट शुक्रवारी निघेल का? मी म्हटलं, ‘येस येस, वुई विल ट्राय.’ माझ्या मनात त्याचा अर्थ होता, ‘अवघड आहे हो, पण तुम्हाला नाही कसं म्हणू?’ त्यानं डायरीत शुक्रवार लिहिला. माल पुढच्या आठवड्यात विमानानं पाठवावा लागला, भाडं आमच्या माथी. त्याचा एकच प्रश्न होता, ‘तुम्हाला सोमवारीच माहीत होतं, मग सोमवारी का नाही बोललात?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९७६ साली हा फरक मांडला. काही समाजांत बराचसा अर्थ शब्दांच्या बाहेर असतो : सूर, नातं, प्रसंग, कोण कोणाशी बोलतंय. काही समाजांत जे आहे ते शब्दांतच. गणपत गल्लीत दुकानदार ‘बघूया की’ म्हणाला की आपण न बोलता पुढच्या दुकानाकडे वळतो. कन्नड दुकानदार ‘नोडोणरी’ म्हणाला तरी तेच. जर्मन माणूस तिथंच उभा राहील, कारण हा बघतो म्हणालाय म्हणजे बघणार.

आपण सीमाभागातली माणसं समोरच्याचा चेहरा वाचून भाषा बदलण्यात तयार असतो, आणि ही मोठीच शिदोरी आहे. पण त्याच सवयीनं आपण कोणाला दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांना ‘होतंय की’ म्हणतो. टीमचा पुढारी झालात की ही दुसरी सवय महागात पडते.

म्हणून शॉपमधून बाहेर जाणाऱ्या मेलमध्ये ‘ट्राय’ आणि ‘सून’ या शब्दांना बंदी घाला. ‘मटेरियल अंडर प्रोसेस, विल डिस्पॅच सून’ याच्या जागी असं जाऊ द्या : ‘४० पैकी ३४ नग तयार. ६ नगांचा बोअर १२ मायक्रॉननं मोठा झालाय, रीवर्क शक्य नाही. नवे ६ गुरुवारी दुपारी मशीनवर चढतील. ३४ उद्या पाठवू, की सगळे मिळून सोमवारी?’ वाईट बातमी आहे, पण त्याला यावर निर्णय घेता येतो. असे तीन-चार मेल गेले की त्याचा सूरही बदलेल. विचारपूस मात्र तो तरीही करणार नाही, ती अपेक्षा सोडा.

प्रश्न : मी खानापूरला घरून काम करते. माझ्या टीममध्ये नऊजण : पुण्यात चार, पोलंडमधल्या क्राकूवला तीन, अमेरिकेत ओहायोला दोन. मीटिंगमध्ये ओहायोचे दोघे बोलत राहतात आणि पुण्याचे चौघे गप्प. नंतर मला एकेकटे फोन करून खरी अडचण सांगतात. शिवाय वेळ जुळत नाही ती वेगळीच.

पुण्याचे तुम्हाला नंतर का होईना फोन करतात, ही जमेची बाजू समजा ताई. विश्वास आहे, फक्त चारचौघांत तोंड उघडत नाही.

डच अभ्यासक खेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून काही मोजमापं काढली. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातलं अंतर लोक किती गृहीत धरतात, या मापावर भारत ७७, अमेरिका ४० (आकडा मोठा तितकं अंतर जास्त). आकडे बोलके आहेत, पण ती उत्तरं १९७० च्या आसपासची, एकाच कंपनीतली, आणि देशाची सरासरी. पुण्याची तुमची सहकारी म्हणजे ७७ नव्हे. कदाचित तिला फक्त बोलायला फट मिळत नसेल. अमेरिकन माणूस बोलता बोलता विचार करतो, आपल्याकडची माणसं विचार पुरा झाल्यावर बोलायला बघतात, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो.

तर फट तुम्ही करून द्या. मीटिंगच्या आदल्या दिवशी प्रश्न लेखी पाठवा आणि प्रत्येकाकडून दोन ओळी लेखी मागवा, ओहायोकडूनही. मीटिंग त्या ओळींपासून सुरू करा, सगळ्यात कमी बोलणाऱ्यापासून. ‘पुण्याहून कोणाला काही बोलायचंय?’ असं विचारू नका, त्यावर चौघेही एकमेकांची वाट बघतील. नाव घेऊन, लिहिलेल्यातलंच विचारा : ‘तू टेस्टिंगला तीन दिवस कमी पडतील असं लिहिलंस, ते जरा सांग.’ आणि तुमचं मत शेवटी. मॅनेजरनं आधी मत दिलं की आपल्याकडे चर्चा तिथंच संपते, चहा मागवायचा तेवढा बाकी राहतो.

एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधक रुग्णालयांत औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीमांत चुका कमी निघतील अशी त्यांची अटकळ, निघाल्या जास्त. तिथं चुका जास्त होत नव्हत्या, लोक त्या न घाबरता सांगत होते. तेव्हा तुमच्या पुढच्या मीटिंगमध्ये एकदम चार अडचणी निघाल्या तर घाबरू नका. ज्यानं पहिली सांगितली त्याचे तिथंच आभार माना. त्याच क्षणी ‘हे आधी का नाही सांगितलं?’ असं तुमच्या तोंडून गेलं, तर पुढचे सहा महिने पुन्हा फोनवरच.

वेळेचं : संध्याकाळचे साडेसहा धरा. उन्हाळ्यात तेव्हा क्राकूवला दुपारचे तीन आणि ओहायोला सकाळचे नऊ असतात. हिवाळ्यात तिकडे दोन आणि आठ. घोळ मधल्या आठवड्यांत होतो. अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे घेते, युरोप शेवटच्या रविवारी. मागे घेताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. त्या दिवसांत कोणीतरी तासभर आधी नाहीतर उशिरा येणारच, कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा. आणि आपल्या सोयीची वेळ सापडली म्हणून कायम तीच धरू नका. तीन महिन्यांतून एकदा तरी गैरसोय आपलीही होऊ दे.

जाता जाता : पावसाळ्यात खानापुरात लाईट जाते, हे तुम्ही टीमला सांगून ठेवलंय का? बऱ्याचजणांना ते कमीपणाचं वाटतं, मग मीटिंगमधून अचानक गायब होतात आणि तिकडच्यांना वाटतं, बाईंना रस नाही. सरळ सांगा, आणि तुम्ही गेलात तर मीटिंग कोण पुढे चालवणार तेही ठरवा. क्राकूवच्या एखाद्याला द्या ते काम.

प्रश्न : मी निपाणीचा, पुण्यात जपानी कंपनीत आहे. लाईनचा लेआउट बदलायची सूचना मीटिंगमध्ये मांडली. सगळ्यांनी माना डोलावल्या, ‘हाय, हाय’ म्हणाले, एकजण ‘थोडं अवघड आहे’ म्हणाला. दोन महिने झाले, काही हालचाल नाही.

‘थोडं अवघड आहे’ तिथंच नकार मिळाला तुम्हाला. जपानीत ‘मुझुकाशी’ म्हणजे अवघड, आणि कामाच्या बैठकीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’. ‘हाय’ म्हणजे ‘ऐकतोय’. पटलं असं त्यातून धरू नका. गंमत बघा, जर्मन माणसाला जो आपला ‘बघूया की’ कळत नाही, तोच जपानी माणसानं आपल्याला दिला आणि आपल्याला कळला नाही.

त्यांच्याकडे ‘नेमावाशी’ नावाची रीत आहे. मूळ शब्द बागकामातला : झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणं. निपाणीच्या माणसाला हे मी काय सांगणार? वाफ्यातला तंबाखूचा तरवा ओढून काढला तर मुळं तुटतात, आधी पाणी देऊन माती सैल करतात. तसं मीटिंगच्या आधी एकेकाला भेटा. मेंटेनन्सवाल्याला विचारा, केबल कुठून न्यावी लागेल. सेफ्टीवाल्याला विचारा, वाट किती रुंद हवी. त्यांची दुरुस्ती तुमच्या कागदावर त्यांच्यासमोर पेन्सिलीनं लिहा. मीटिंगमध्ये येईपर्यंत ती सूचना निम्मी त्यांची झालेली असते. वेळ जातो, खरं. पण एकदा ठरलं की मग ती माणसं इतक्या झपाट्यानं हलतात की आपली दमछाक होते. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा त्यांच्या सुट्ट्यांचा, तेव्हा काही मांडू नका.

प्रश्न : बेळगावजवळ आमचा कारखाना आहे. टीममध्ये मराठी, कन्नड, दोघे तमीळ, आणि व्हिडिओवर फ्रान्सचे इंजिनिअर. काही अडलं की आम्ही मराठीत सुरू होतो, दुसऱ्या टोकाला कन्नडमध्ये सुरू होतं. परवा फ्रेंच बाई म्हणाल्या, ‘मला बाहेर काढल्यासारखं वाटतं.’ आता आपल्याच गावात मराठी बोलायचं नाही का?

बोलायचं. पण हा प्रश्न आपण विचारतोय, ज्यांच्या घरात १९५६ पासून, सीमाप्रश्न सुरू झाल्यापासून, भाषेशिवाय दुसरा विषय निघत नाही. आपली भाषा ज्या खोलीत चालत नाही तिथं कसं वाटतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या बाईंनाही तेच वाटलं, आणि तुमच्या दोघा तमीळ सहकाऱ्यांना रोज वाटत असणार. ते बोलले नाहीत इतकंच.

कठीण गोष्टीचा विचार माणूस आपल्या भाषेत भरभर करतो, त्यावर बंदी घालू नये. रीत अशी ठेवा : ‘आम्हाला तीन मिनिटं द्या’ म्हणून इंग्रजीत सांगायचं, माईक बंद, हव्या त्या भाषेत बोला. माईक उघडला की काय बोलणं झालं ते इंग्रजीत सांगायचं, मतभेद झाला असेल तर तोही. सांगायचं काम मराठीत झालेल्या चर्चेचं कन्नड माणसाकडे द्या, कन्नड चर्चेचं मराठी माणसाकडे. मग दोन्हीकडचे नीट ऐकतील, आणि तमिळांना समजेल असं बोलतील.

आणि खुद्द आपल्यात सगळं कळतं हा भ्रम सोडा. एका शॉपमध्ये मी बघितलंय, मराठी सुपरवायझर कन्नड ऑपरेटरला विचारतो, ‘गेज लावून बघितलंस?’ तो म्हणतो, ‘आयत्री.’ सुपरवायझर पुढे निघाला. ‘आयत्री’ म्हणजे आदरानं ‘आयतु’, आणि कन्नडमध्ये ‘आयतु’चा अर्थ ‘झालं’ असाही होतो आणि ‘बरं, करतो’ असाही. ऑपरेटर दुसरं म्हणत होता, सुपरवायझरनं पहिलं ऐकलं, आणि ट्रेभर माल न तपासता पॅकिंगला गेला. दोघे वीस वर्षं एकाच बाकावर डबा खाणारे. तेव्हापासून मी ‘झालं का?’ विचारत नाही. ‘रीडिंग किती आलं?’ असं विचारतो. आकड्याला सगळ्या भाषांत एकच अर्थ असतो. फ्रेंच बाईंनाही तसंच विचारा.

प्रश्न : माझे उच्चार गावाकडचे आहेत. परदेशी टीमसमोर बोलायची लाज वाटते. कुठला कोर्स करू?

कोर्स नको. तुमच्या टीममधला पोलिश किंवा जपानी माणूसही उसन्या इंग्रजीतच बोलतोय. अशा मीटिंगमध्ये पुष्कळदा सगळ्यात कमी कळतो तो भरभर बोलणारा अमेरिकन. छोटी वाक्यं, सावकाश. नाही कळलं तर ‘पुन्हा सांगा’ हे सगळ्यांत आधी तुम्हीच म्हणा, म्हणजे तुमच्या पोरांनाही म्हणता येईल. बोलून झालं की ठरलेलं दोन ओळींत लिहून पाठवा. त्यात तारीख लिहिताना महिन्याचं नाव अक्षरात घाला. ०४/०५ म्हणजे आपल्याकडे ४ मे, अमेरिकेत ५ एप्रिल.