वारसा: शरियत की गोव्याचा कायदा?

प्रश्न: वडील नुकतेच वारले. मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. फोंड्यात घर आहे, सावंतवाडीत जमीन. थोरले भाऊ म्हणतात, शरियतप्रमाणे बहिणीला आमच्या निम्माच वाटा. हे खरे का? — एक वाचक, फोंडा

उत्तर: भावाचा हिशेब हनफी (सुन्नी मुसलमानांच्या एका परंपरेच्या) नियमाला धरूनच आहे: आईला १/८, आणि उरलेल्या ७/८चे पाच भाग करून दोन, दोन व एक. मात्र १९३७चा शरियत कायदा गोव्यात लागू नाही. येथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आणि आता २०१२च्या वारसा अधिनियमात मांडलेला नियम मुसलमानांनाही बांधील आहे. लग्नापूर्वी वेगळा करार झाला नसेल, तर आई-वडिलांच्या सामाईक मालमत्तेतील अर्धी आईची स्वतःचीच (हा वारसा नव्हे, हे अनेकजण विसरतात), आणि मृत्युपत्र नसल्यास उरलेली अर्धी तिन्ही मुलांत समान, म्हणजे प्रत्येकी १/६. वडील गोव्याचे रहिवासी असल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या निकालानुसार सावंतवाडीच्या जमिनीलाही हाच नियम लागू पडेल. बहिणीला स्वखुशीने हक्क सोडायचा असल्यास तो विशेष नोटरीसमोर (असे लेख नोंदवणारा गोव्यातील सरकारी अधिकारी) लेख करूनच सोडावा लागेल. घरातल्या बैठकीत दिलेला होकार पुरेसा नाही.