‘प्रभारित’ काच आणि रंगाचं क्रियापद

प्रश्न असा आहे: ‘इलेक्ट्रोक्रोमिक’ला (म्हणजे वीज दिली की रंग पालटणाऱ्या पदार्थाला, जसा काचेवरचा टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर) ‘विद्युतवर्णी’ म्हणावं का, आणि ‘प्रभारित केल्यावर टंगस्टन ऑक्साइडचा रंग बदलतो’ हे वाक्य बरोबर आहे का?

नावाचं आधी उरकतो. ‘गौरवर्णी’, ‘सप्तवर्णी’ या शब्दांत -वर्णी म्हणजे ‘त्या रंगाची’. त्या चालीवर ‘विद्युतवर्णी’ म्हणजे विजेसारख्या कांतीची! नाट्यपदातल्या नायिकेला शोभेल, काचेवरच्या थराला नाही. संधीचे नियम पाळून ‘विद्युद्वर्णी’ केलं तरी अर्थ तोच, वर जिभेला व्यायाम. मी सरळ ‘इलेक्ट्रोक्रोमिक’ लिहितो.

खरी अडचण ‘प्रभारित’ची आहे. कोरड्या केसांतून कंगवा फिरवला की तो प्रभारित होतो, म्हणजे त्याच्यावर जादा विद्युतप्रभार साचतो. शाळेपासून आपल्या डोक्यात हाच अर्थ बसलेला. टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थरात असं काही साचत नाही. एक-दोन व्होल्टचा दाब दिला की एका बाजूने इलेक्ट्रॉन आत शिरतात आणि दुसऱ्या बाजूने, इलेक्ट्रोलाइटमधून (आयन वाहून नेणाऱ्या थरातून), तितकेच लिथियमचे धन आयन. हिशोब तिथल्या तिथे चुकता, थर एकंदरीत उदासीनच राहतो. हे तर बॅटरीचं काम झालं. तेव्हा मोबाइलसाठी रोज वापरतो तो ‘चार्ज होणे’ इथे चपखल बसतो आणि शुद्ध दिसणारा ‘प्रभारित’ दिशाभूल करतो.

मग रंग कुठून येतो? आत आलेला इलेक्ट्रॉन एखाद्या टंगस्टनच्या अणूपाशी थांबतो आणि त्या अणूची +६ ही ऑक्सिडीकरण अवस्था +५ होते. शेजारी अजून +६ असलेले अणू असतातच. प्रकाशाची ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन त्या शेजाऱ्याकडे उडी मारू शकतो, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा नेमकी तांबड्या व अवरक्त प्रकाशाजवळची. तांबडा भाग शोषला गेला की उरतो तो निळा. शास्त्रज्ञ सत्येन देब यांनी १९६९ मध्ये टंगस्टन ऑक्साइडच्या अशाच थरांवर हा परिणाम दाखवला होता.

आता क्रियापद. ‘रंग बदलतो’ चूक नाही, पण ढोबळ आहे. सरडाही रंग बदलतो. जवळजवळ रंगहीन थर निळा होतो आणि प्रवाह उलटा केला की पुन्हा नितळ. याला मराठीत तयार जोडी आहे: रंग चढतो, रंग उतरतो. काही जण दुसऱ्या टप्प्याला ‘विरंजन’ म्हणतात. पण विरंजक चूर्णाने कपड्याचा गेलेला रंग परत येत नसतो, म्हणून मला तो शब्द इथे खटकतो.

‘वीज असेपर्यंत निळा राहतो’ असंही लिहू नका. तारा काढून घेतल्या तरी आयन आतच अडकलेले असतात, त्यामुळे चढलेला रंग बराच वेळ टिकतो. वीज लागते ती मुख्यतः चढवताना आणि उतरवताना.

तेव्हा वाक्य असं करा: ‘चार्ज करताना टंगस्टन ऑक्साइडच्या थरात लिथियमचे आयन व इलेक्ट्रॉन शिरतात आणि त्याला निळा रंग चढतो.’ निकेल ऑक्साइडसाठी मात्र हे वाक्य जसंच्या तसं उचलू नका. त्याला तपकिरी रंग चढतो तो आयन आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडताना. म्हणूनच काचेत हे दोन्ही थर समोरासमोर लावतात: एकातून निघालेले आयन दुसऱ्यात जातात आणि दोघांनाही एकाच वेळी रंग चढतो.