मुलीला हॉर्टिकल्चर करायचंय, पण आमच्याकडे गुंठाभरही जमीन नाही

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी). बीएस्सी हॉर्टिकल्चरच (उद्यानविद्या) करायचं म्हणून हटून बसलीय. आम्ही डोंबिवलीत राहतो, गावाला शेती नाही. तिचे काका म्हणतात, माळीकाम शिकायला चार वर्षं कशाला? पहिल्या वर्षाचा सिलॅबस बघितला तर नुसत्या व्याख्या आणि शाखा. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, काका अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, हात मातीत घालावेच लागतात, आणि ज्या मुलांना ते नको असतं ती पहिल्याच वर्षी कंटाळतात. पण सिलॅबसच्या कागदावरून या विषयाचा अंदाज येत नाही हो. सुरुवातीचा पेपर असतो उद्यानविद्येच्या मूलतत्त्वांचा, त्यात फळं-भाज्या-फुलं अशा शाखा, लागवडीच्या पद्धती, अभिवृद्धी (म्हणजे नवी रोपं तयार करणं), छाटणी, बहार (म्हणजे झाडाला फुलं येण्याचा हंगाम) वगैरे सगळं थोडं थोडं येतं. व्याख्या परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतात. खरा विषय प्रॅक्टिकलला कळतो.

आता आंब्याचंच घ्या. हापूसची कोय लावली तर येणारं झाड हापूसचंच निघेल याची खात्री नसते, म्हणून कलम करायचं. कोकणात पावसाळ्यात कोय कलम करतात. रायवळच्या, म्हणजे साध्या गावठी आंब्याच्या, कोयी रुजवायच्या, रोप साधारण दोन आठवड्यांचं, पानं अजून तांबूस असतानाच त्याचा शेंडा कापून दांड्याला मधोमध चीर द्यायची, हापूसच्या चांगल्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. ऐकायला सोपं आहे, पण चाकूला धार नसली, काडी जाडीला कमी-जास्त झाली, पट्टी सैल राहिली की काडी काळी पडते आणि कलम गेलं. आणि हे का जगलं, ते का मेलं, हे सांगता येणं म्हणजे तो सिलॅबस. चांगला माळी कलम बांधतो, काकांना सांगा, पण हजार कलमांतली तीनशे का मेली हे शोधून पुढच्या वर्षी दुरुस्त करणारा माणूस नर्सरीवाल्याला पगार देऊन ठेवावा लागतो.

बहाराचंही तसंच. डाळिंबाला आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार असे तीन बहार धरता येतात, शेतकरी त्यातला एक निवडतो. मग पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, पानगळ करायची, आणि नंतर छाटणी-खत-पाणी दिलं की सगळ्या बागेला साधारण एकदमच फुलं लागतात. कुठला बहार धरायचा हे पाणी किती आहे, रोग कधी येतो आणि माल निघेल तेव्हा भाव काय असेल यावर ठरतं. पहिल्या वर्षी याची फक्त तोंडओळख होते, पण मुलीला यात गंमत वाटली तर ती टिकेल.

जमिनीचं म्हणाल तर नोकरीसाठी ती लागतच नाही, सातबारा नसलेल्या मुलांनाही अ‍ॅडमिशन मिळते. नर्सऱ्या, पॉलिहाऊस (प्लॅस्टिकच्या छताखालची शेती), द्राक्ष-डाळिंब एक्सपोर्टचे पॅकहाऊस, लँडस्केपिंग, बँकेत कृषी अधिकारी, नाहीतर एमएस्सी करून संशोधन. सुरुवातीचे पगार फार नसतात हे स्पष्टच सांगते, आणि नोकरी बहुतेक वेळा शहराबाहेर असते. सातव्या सेमिस्टरच्या आसपास गावात राहून शेतकऱ्यांबरोबर कामही करावं लागतं, त्याची तयारी तुमचीही हवी, नुसती तिची नाही. आणि तिच्या डोक्यात फक्त सरकारी परीक्षा असतील तर बीएस्सी अ‍ॅग्री जास्त मोकळी पडते, काही जाहिरातींत तीच डिग्री मागतात. हे आत्ताच बोलून घ्या, तिसऱ्या वर्षी नको.

अ‍ॅडमिशन एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर होते, पीसीबी चालतो. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं, तुमच्या कोकण विभागाचं दापोली. प्रायव्हेट कॉलेज घ्यायची वेळ आली तर ते यांपैकी कुणाशी संलग्न आहे ते आधी बघा आणि मग थेट जाऊन या. बिल्डिंग आणि एसी सेमिनार हॉल दाखवतील, ते सोडा, तुम्ही रोपवाटिका दाखवा म्हणा. कलमाच्या काड्या काढायला स्वतःची मातृवृक्षांची बाग आहे का, मागच्या बॅचने केलेली कलमं कुठे आहेत, एका प्रॅक्टिकलला चाकू किती मुलांच्या हातात असतो, हे विचारा. रोपवाटिकेत नुसतं गवत दिसलं तर गाडीत बसा आणि परत या.

आणि अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायच्या आधी तिला जूनमध्ये एखाद्या नर्सरीत आठवडाभर कामाला पाठवा, बदलापूर-कर्जतकडे भरपूर आहेत. पिशव्या भरणं, पावसात भिजत रोपं उचलणं, गांडुळं बघणं हे सगळं करून घरी आल्यावरही ती हेच म्हणत असेल तर काकांना चहा द्या आणि फॉर्म भरा.