मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती आहे? कोल्हापूरहून निघाल्यास एकूण किती वेळ धरावा?

मुंबई ते न्यूयॉर्क (जेएफके विमानतळ) हे हवाई अंतर सुमारे 12,540 किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात आणि येताना चौदा ते पंधरा. कोल्हापुरातील घरातून निघून तिकडच्या घरी पोहोचेपर्यंत मात्र किमान तीस तास धरावेत, असे मी राजारामपुरीत तिकिटांचे काम करताना प्रत्येकाला सांगतो.

जाण्यायेण्याच्या वेळेतील फरक वाऱ्यामुळे पडतो. विमाने ज्या उंचीवरून उडतात तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. भिंतीवरच्या नकाशावर दोन्ही शहरे रेघेने जोडली तर ती अरबस्तान आणि सहारा वाळवंटावरून जाते, परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे चढत जवळपास 65 अक्षांशापर्यंत, म्हणजे आइसलँडच्या आसपास जाते आणि मग खाली वळते. विमान याच वाटेने जाईल असेही नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसे घ्यावे लागले.

तिकिटावरच्या वेळा वजा करून प्रवासाचे तास काढू नयेत. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. त्यामुळे जूनमध्ये रात्री एक वाजता मुंबई सोडणारे विमान सोळा तास उडूनही त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरते.

दुबईमार्गे गेल्यास एकूण अंतर जेमतेम चारशे किलोमीटरने, म्हणजे कोल्हापूर-मुंबईइतकेच वाढते. वेळ जातो तो दुबईत थांबण्यात. तो थांबा तीन-चार तासांचा असेल आणि तिकीट स्वस्त पडत असेल, तर मला हा पर्याय अजिबात वाईट वाटत नाही.

खरी अनिश्चितता आपल्या बाजूलाच आहे. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमान तासाभरात मुंबईला पोहोचवते, पण ते तिकीट वेगळे काढले असेल तर बहुधा 15 किलोंचीच मर्यादा लागते. अमेरिकेच्या तिकिटावर सहसा 23 किलोंच्या दोन बॅगा चालतात, आणि कांदा-लसूण चटणी, पापड, मेतकुटाने त्या काठोकाठ भरलेल्या असतात! शिवाय हे विमान उशिरा आले, तर पुढचे विमान चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही. म्हणून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरून त्या रात्रीचे विमान पकडणे मला अधिक भरवशाचे वाटते. रस्त्याने आठ तास धरावेत. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पंचगंगेच्या पाणीपातळीवर लक्ष ठेवावे, कारण 2019 आणि 2021 च्या पुरांत शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. पाणी चढू लागले असेल, तर एक दिवस आधीच निघावे.