खांदा धरलाय, त्यात शुगर, इंजेक्शन घेऊ का नको?

प्रश्न: मी ५३ वर्षांची, कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते. शुगर नऊ वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. पाच महिन्यांपासून डावा खांदा धरलाय, रात्री ठणकतो, त्या कुशीवर झोपता येत नाही, ब्लाऊजच्या बाहीत हात घालायचा म्हणजे डोळ्यांत पाणी आणि अंबाड्याचं तर नावच नको. दिरांनी एका तालमीत नेलं, तिथं तेल लावून हात जोरात ओढला, पुढचे आठ दिवस चहाचा कपसुद्धा उचलवेना. डॉक्टर म्हणतात फ्रोझन शोल्डर आहे, सांध्यात इंजेक्शन घ्या. शेजारच्या काकू म्हणतात त्यानं शुगर लई चढते. काय करू?

उत्तर: ताई, आधी ते ओढून घेणं बंद करा बघू. वस्तादांबद्दल मला आदरच आहे, पण तुमचा खांदा काही निखळलेला नाही बसवायला. सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं, ते सुजतं, मग जाड होऊन आक्रसतं, पहिल्या धुण्यात आटलेल्या सुती ब्लाऊजसारखं. त्यात हात जोरात घुसवला तर शिवणच उसवणार ना? एक्सरे बहुतेक वेळा नॉर्मल येतो, म्हणून घरात कोणी 'काही नाही झालेलं' म्हणालं तर मनावर घेऊ नका.

एरवी शंभरात दोन ते पाच जणांना हे होतं, शुगरवाल्यांत मात्र दहा ते वीस जणांना. रक्तातली जादा साखर त्या आवरणातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटते आणि ते ताठ होतात, असं मानलं जातं. थायरॉईडवाल्यांनाही होतं, तेही एकदा तपासून घ्या. आधी ठणका, मग आखडणं, मग हळूहळू सुटणं, यात दीड-दोन वर्षं जातात, शुगर असली की अजून रेंगाळतं, आणि कधीकधी दुसरा खांदाही धरतो, खोटं कशाला सांगू.

आता इंजेक्शन. काकू अगदीच चुकीच्या नाहीत, त्यातल्या स्टिरॉईडनं शुगर वाढते, पण ती काही दिवसांपुरती, आठवडाभरात बहुतेकांची खाली येते. आणि त्याचा फायदा तुमच्यासारखा ठणका चालू असतानाच जास्त, पूर्ण आखडल्यावर कमी. म्हणून मी असते तर घेतलं असतं, पण आधी तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची (HbA1c) तपासणी करून. ती फारच वर असेल तर शुगरच्या डॉक्टरांना विचारून आधी खाली आणा, आणि घेतल्यावर आठवडाभर घरच्या मशीनवर दिवसातून दोन-तीनदा बघा, ३००च्या वर गेली तर त्यांना फोन करा. मेडिकलमधून पेनकिलर आणून रोज खाणं मात्र नको, शुगरवाल्यांच्या किडनीला ते परवडत नाही.

ठणका जोरात असेपर्यंत व्यायाम हलकाच. उजवा हात टेबलावर टेकून वाका, डावा हात नुसता लोंबू द्या आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवा. ठणका कमी झाला की भिंतीवर बोटांनी वर चढत जायचं, जिथं अडेल तिथं पेन्सिलीनं खूण करायची. (भिंतीवरून घरात ओरडा बसेल, बसू दे.) एकदम अर्धा तास करण्यापेक्षा दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं करा. नंतर थोडं दुखलं तर चालतं, रात्रभर ठणकला तर जास्त झालं समजायचं. गळ्यात पट्टा अडकवून हात बांधून ठेवू नका, अजून आखडतो. शेकताना पिशवी आधी उजव्या मनगटाला लावून बघा, शुगरमध्ये कातडी बधीर असली तर भाजलेलं कळत नाही.

सहा-आठ महिने फिजिओ करूनही खूण जागची हलली नाही, तर सांध्यात सलाईन भरून आवरण ताणतात, किंवा दुर्बिणीतून मोकळं करतात. ते तेव्हाचं तेव्हा बघू.

एक महत्त्वाचं राहिलं, खांदा डावा आहे. कधी त्याच्याबरोबर घाम फुटला, धाप लागली, छातीवर दडपण आलं तर खांद्याचं समजून बाम चोळत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. शुगरवाल्यांना छातीत न दुखताही हार्टचा त्रास होऊ शकतो.

आणि हो, ब्लाऊज घालताना आधी दुखरा हात बाहीत घाला, काढताना तोच शेवटी काढा. झोपताना त्या हाताखाली उशी घ्या.